भिंतीवर डास नाहीत

मी नळी बोलतेय. पाण्याची नव्हे, डास ओढायची. वीतभर काच, तिला मागून रबराची लांब शेपटी आणि दोन्हींच्या मध्ये जाळीचं कापड. भिंतीवरच्या डासापाशी काच न्यायची, शेपटीचं टोक आपल्या तोंडात धरायचं आणि श्वास ओढायचा. डास जिवंत आत येतो. जाळीमुळे घशात जात नाही, एवढीच काय ती सोय.

कारखान्यातल्या माझ्या बहिणी प्रयोगशाळेच्या कपाटांत सुखात राहिल्या. माझ्या नशिबी बाई आल्या.

बाई हिवतापाच्या संशोधक. ताप कुठून येतो, कुणाच्या घरात शिरतो आणि औषधपाणी करूनही का हटत नाही, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. पहाटे लोकांच्या घरी जायचं आणि पलंगामागे, टांगलेल्या कपड्यांत टॉर्च मारायचा.

"अहो, आधी सांगायचं तरी, घर आवरलं असतं!" घरमालकीण ओशाळून म्हणायची.

"आवरलंत तर डास बसतील कुठे?" बाई पलंगाखालून म्हणायच्या.

पण डासाच्या अंगावर बारीक खवले असतात. जाळी त्यांना अडवत नाही. वर्षानुवर्षं ती धूळ माझ्यातून बाईंच्या छातीत गेली. आधी खोकला आला, मग दमा.

त्यांची लेक छातीचीच डॉक्टर. "आई, पुरे आता. फुप्फुसांची पार वाट लावून घेतलीस. पुन्हा ती नळी तोंडाला लावलीस तर बघ!" बाई ऐकून घ्यायच्या आणि पहाटे मला पिशवीत टाकायच्या.

त्यातच भिंती रिकाम्या पडल्या. घराघरांत फवारणी झाली होती. बाईंच्या संशोधन केंद्राचे साहेब खूश झाले. नाल्याकाठच्या वस्तीत मात्र मुलं अजून तापानं फणफणत होती.

"भिंतीवर डास नाहीत, म्हणजे डास गेले. ताप लोक बाहेरगावाहून आणत असतील. या महिन्यात तिथलं काम बंद करू," साहेब म्हणाले.

"डास गेले नाहीत, साहेब. फवारलेलं घर सोडून ते बाहेर राहायला गेलेत."

"मग पकडून दाखवा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईंचाच दम संपलाय, डास काय सापडणार!" ते मला फार लागलं. आणि काम बंद झालं असतं, तर त्या मुलांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी बाई निघाल्या. एकटीला कशी सोडायची, म्हणून लेक तोंड फुगवून सोबत. वस्तीबाहेरच्या पुलाखाली बाई वाकून शिरल्या. ओल्या दगडांवर डास होते, शेपूट वर करून बसलेले, म्हणजे हिवतापाचेच. बाईंनी श्वास ओढला. डास उडाला. पुन्हा ओढला, आणि खोकल्याची अशी उबळ आली की त्या तिथेच खाली बसल्या.

"आण इकडे!" लेकीनं शेपटी हिसकावली आणि स्वतःच्या तोंडात धरली. काय तो श्वास! डासामागून डास आत आले. बाहेर आल्यावर तीही खोकू लागली.

"आई, हे तू रोज करायचीस?"

"हो गं. नळी हलवू नकोस, मरतील ते."

त्या डासांत हिवतापाचे जंतू निघाले. साहेब नुसतं "बरं" म्हणाले, पण काम चालू राहिलं. नाल्याकाठी उपाय झाले, हळूहळू मुलांचा ताप उतरला. केंद्रात बॅटरीवर डास ओढणारं मशीन आलं आणि बाई निवृत्त झाल्या. आता त्या जिना चढताना मध्येच बसतात. मी टेबलाच्या खणात पडून असते. थकलेय मी, पडून राहायला माझी काही हरकत नाही.

आज सकाळी केंद्राचा ड्रायव्हर दारात आला. "बाई, मशीनची बॅटरी गेलीय. वस्तीत परत ताप निघालाय. तुमची जुनी नळी द्याल का?"

"नुसती नळी नेऊन काय करशील? ओढता येतं का तुमच्यात कुणाला?" बाई चपला शोधू लागल्या. "थांब, मीच येते."

लेक दवाखान्यात गेलीय. घरात त्यांना अडवणारं कुणी नाही. बाईंनी खण उघडून मला बाहेर काढलंय. नीट ओढते का बघायला शेपटी तोंडाशी नेलीय. मला ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. कुणीतरी पळत जा, त्या मशीनला बॅटरी घाला हो.