उडू न शकलेला शेकाट्या

सासऱ्यांची सगळी हयात वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. शेजारी चेष्टेने म्हणत, ह्यांनी जिभेवरही काटा बसवलाय, तोलल्याशिवाय शब्द टाकत नाहीत. मुलगा गेल्यापासून मात्र त्यांनी बोलणंच टाकलं होतं. म्हणून त्या दिवशी सुनेने आपल्या शिवणाच्या दुकानाला कुलूप घातलं, नवऱ्याची दुर्बीण गळ्यात अडकवली आणि सासऱ्यांना पहिल्या बसने खाडीकाठच्या दलदलीवर आणलं. सुट्टी लागली की नवरा इथेच पडीक असायचा.

ओहोटी होती. चिखल लांबवर उघडा पडला होता आणि पाखरं त्यात चोची खुपसत हिंडत होती. तिला त्यातली चारदोनच ओळखू यायची.

"तो बघा, शेकाट्या," लाल काटकुळ्या पायांच्या पक्ष्याकडे तिने बोट केलं. "तुमचा मुलगा म्हणायचा, ह्याने पाय उसने आणलेत."

सासरे हसले. अगदी किंचित, पण हसले. तिचा जीव भांड्यात पडला.

दुपार कलली, भरती सुरू झाली. थवा उठला. एक शेकाट्या तेवढा मागे राहिला. दोन हात वर उडे आणि धप्पकन खाली आपटे. तिने दुर्बीण लावली. गळाचा नायलॉनचा दोरा पायात अडकला होता, त्याचं दुसरं टोक एका खुंटाला.

"सोडव गं त्याला," सासरे म्हणाले. किती महिन्यांनी त्यांनी काही मागितलं होतं!

दोऱ्याचा गुंता सोडवणं तिच्या हातचा मळ. ती पदर खोचून उतरली. दहा पावलांत गुडघ्यापर्यंत रुतली, मग मांडीपर्यंत. पक्षी अजून तितकाच लांब.

"मागे फिर!" सासरे ओरडले. "तुलाही घालवू का मी?"

पोटावर सरपटत, चपला चिखलाला देऊन ती काठाला लागली. पाणी आता पक्ष्याच्या पोटाला टेकलं होतं. सासऱ्यांनी दुर्बीण मागून घेतली आणि शेवटपर्यंत डोळ्यांवरून काढली नाही.

मग त्यांनी विचारलं, "त्याच्याजवळ होतं का गं कोणी?"

दवाखान्यात शेवटी नर्सने नवऱ्याचा हात धरला होता, झोपेतच गेला, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. आज खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं.

"नव्हतं, बाबा. मला आत सोडलं नाही. काचेतून दिसत होता. हाका मारत होता."

"कुणाला?"

ती पायावरचा चिखल खरवडू लागली.

"कुणाला गं?"

"तुम्हाला."

सासरे पाण्याकडे बघत राहिले. "मी घरी होतो," ते म्हणाले. "चहा पीत होतो."

बस आली. तिने त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. बस निघून गेली, तशी ती चिखलाच्या कपड्यांनिशी त्यांच्या शेजारी बसली. समोर नुसतं पाणी होतं.