व्याह्यांचा रीमॅच

अमेरिकन फुटबॉलच्या या बोल गेममधून, म्हणजे कॉलेज टीम्सच्या सीझनअखेरच्या मॅचमधून, गिरीशरावांना मिळण्यासारखं एकच होतं, पण ते भारी होतं: लेक. आरोहीला सातवा लागला होता. मॅच ह्यूस्टनलाच, म्हणून ती नवऱ्यासोबत, ईशानसोबत, आणि सासऱ्यांसोबत नॉर्थ कॅरोलायनाहून माहेरी, ह्यूस्टनशेजारच्या शुगर लँडला आलेली. मॅच संपल्यावर बाकीच्यांनी परत जावं, आरोहीनं मात्र पहिल्या बाळंतपणाला इथेच राहावं, एवढं जमवायचं होतं. त्यासाठी व्याही खूश हवेत, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

ऑक्टोबरात याच दोन टीम भिडल्या होत्या. एक गिरीशरावांच्या कॉलेजची, दुसरी व्याही यतीनरावांच्या. गिरीशरावांची जिंकली, आणि ते व्याह्यांच्या घरी, व्याह्यांच्याच सोफ्यावर चढून नाचले. त्यानंतर यतीनरावांचा फोन नाही. दिवाळीलाही नाही.

"आज तोंड बंद," उत्तराबाईंनी नवऱ्याला पार्किंगमध्येच बजावलं. "आपण मुलीकडचे आहोत."

एरवी रेफरीच्या सात पिढ्या काढणारा हा माणूस मग स्टेडियममध्ये पूजेला बसल्यासारखा बसला. व्याह्यांच्या टीमचा टचडाउन झाला की टाळ्या. आपल्या टीमचा झाला की खोकला. हाफटाइमला स्वतः रांगेत उभं राहून व्याह्यांसाठी नाचोज आणले.

"गिरीशराव, बरं नाही का तुम्हाला?" यतीनरावांनी शेवटी विचारलं.

"छे! तुमची टीम काय खेळतेय हो!"

"अहो, आत्ता तुमचा क्वार्टरबॅक आपटला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात! ऑक्टोबरापासून मी उट्टं काढायची वाट बघतोय. तुम्ही असे थंड बसलात तर जिंकून मजा काय?"

गिरीशरावांना राहवलं नाही. "आरोहीला बाळंतपणाला ठेवून घ्यायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर?"

"मी कोण नाही म्हणणारा?"

दोघांनीही मग आरोहीकडे पाहिलं.

"फायनली!" ती म्हणाली. "बाबा, इतका वेळ यांना लोणी लावलंत. मला एकदा तरी विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? पहिलं बाळंतपण..."

"माझी डॉक्टर तिकडे, ईशानचा जॉब तिकडे. नाही राहू शकत मी." मग तिनं त्यांचा हात धरला. "पण मला भीती वाटते, बाबा. तुम्ही दोघं या ना."

"लेकीच्या घरी मुक्काम? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच की!" यतीनराव म्हणाले. "मी म्हणतो, या. आणि आता ओरडा, शेवटचा फील्ड गोल तुमचा आहे, किक बसली तर जिंकलात!"

गिरीशराव उठले आणि असे ओरडले की पुढची रांग वळून बघायला लागली. बॉल खांबाच्या बाहेरून गेला. मॅच संपली.

यतीनरावांना मॅच मिळाली, आरोहीला आई-बाप. मोजावं लागलं ते एकट्या गिरीशरावांना. टीम हरली ती हरलीच, वर लेकीचं माहेर आता उचलून तिच्या दारी न्यायचं. घासाघीस मात्र त्यांनी केली नाही.