मला न उघडता आलेलं पुस्तक

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. माझी बॅटरी अर्ध्या दिवसात मान टाकते. मी एक ई-रीडर. मला बनवलं तेव्हाच कंपनीच्या मालकांनी ठरवलं होतं, की मी फक्त त्यांच्याच दुकानातली पुस्तकं उघडायची. मला त्याचं सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं.

डॅन्यूब नदीकाठच्या रूसे शहरात निकोलिनाबाई राहायच्या. आयुष्यभर त्यांनी औषधांचं दुकान सांभाळलं. लहानपणी नदीच्या धक्क्यावरून पडल्यामुळे त्या जरा लंगडत, आणि आता नजरही उतरणीला लागली होती. मोठ्या अक्षरांतलं वाचन आणखी वर्षभर चालेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून त्यांच्या भाच्यानं, आसेननं, मला स्वस्तात आणलं. मी अक्षरं बोराएवढी करून दाखवायचो. "फार गुणी आहे," असं बाई शेजारणींना सांगायच्या. सहा महिन्यांत त्यांनी माझ्यावर एकोणीस पुस्तकं वाचली.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला. तिकडची रीत अशी, की बाईंसारखं त्या संताचं नाव असलेल्या माणसाकडे त्या दिवशी न बोलावता जायचं, रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि आधी विचारायचं तर मुळीच नाही. विचारणं म्हणजे आमंत्रण मागणं. अक्रोड भरलेला मासा भट्टीतून निघाला, तेवढ्यात बाईंची शाळेपासूनची मैत्रीण झ्लात्काबाई आल्या. सत्तरीत त्यांनी पहिलंच पुस्तक लिहिलं होतं, दोघींच्या जुन्या गल्लीचं. ते कागदावर छापलंच नव्हतं, फक्त ई-पुस्तक होतं. भेट म्हणून त्यांनी तेच आणलं होतं.

"तूही आहेस यात," त्या म्हणाल्या.

"मग आधी पुस्तक, मासा नंतर."

आसेननं ते माझ्यात घातलं. मी तीनदा एकच उत्तर दिलं: ही फाईल उघडता येत नाही.

"आत्या, हा दुसऱ्या दुकानाचं उघडत नाही. म्हणून तर स्वस्त होता."

"म्हणजे तू मला कुलूप आणून दिलंस, बाळा."

"जाऊ दे गं. मी वाचून दाखवते ना," झ्लात्काबाई जरा घाईनंच म्हणाल्या.

दर गुरुवारी त्या यायच्या आणि फोनवरून वाचून दाखवायच्या. बाई ऐकायच्या, हसायच्याही. पण त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं, फोनच्या इवल्याशा पडद्यावर ते जमत नव्हतं, आणि डोळे थांबायला तयार नव्हते. एप्रिलमध्ये माझी सर्वांत मोठी अक्षरंही पुसट दिसू लागली, तेव्हा त्या आसेनला घेऊन दुकानात गेल्या आणि एवढंच विचारलं, "कुठल्याही दुकानातलं पुस्तक यात उघडेल का? आणि उद्या हा मोडला तर पुस्तकं माझीच राहतील ना?" दुकानदारानं तीन रीडर काढले होते, त्यांतले दोन मुकाट्यानं परत ठेवले. बाईंनी तिसरा घेतला. त्याचा पडदा माझ्या दुप्पट होता. माझी एकोणीस पुस्तकं मात्र त्याच्यात जाईनात. ती माझ्याबरोबर फळीवर गेली.

तिथूनच मी पुढचं पाहिलं. दोन दिवस बाई सलग वाचत होत्या. एकशे बाराव्या पानावर थांबल्या, पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या, आणि मग फोन लावून टेबलावर ठेवला.

"झ्लात्का, एकशे बारावं पान तू मला वाचून दाखवलं नाहीस."

बाईंनी ते पान पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

"मी धक्क्यावरून घसरले नव्हते. तू ढकललं होतंस. साठ वर्षं मी त्या धक्क्यावरच्या शेवाळाला शिव्या घालतेय."

"लिहिता आलं गं. तुझ्यासमोर वाचवेना."

बाई बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या. "ये इकडे," त्या शेवटी म्हणाल्या. "आज मी वाचणार, आणि तू ऐकायचंस."

मित्रांनो, माझ्यासारखा घ्याल तेव्हा स्वस्ताई जरूर बघा, पण तो कुणाकुणाची पुस्तकं उघडतो हे आधी विचारा. माझ्यापायी बाईंचे चार महिने गेले, आणि त्यांच्याकडे महिने मोजकेच होते. त्या पुस्तकानंतर त्यांना आणखी एकच वाचता आलं.