चौदा नंबरची सही

बाबाराव हेडाऊंनी तीन वर्षांपूर्वी सही बदलली आणि तेव्हापासून त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. त्याच महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशनही झालं होतं, पण ते बाबारावांनी कधी जमेस धरलं नाही. सगळं श्रेय गेलं धरमपेठेतल्या सौरव उमाळकर सरांना.

हे सर सही पाहून माणूस सांगत. सहीखाली रेघ असली तर काय, टिंब असलं तर काय, शेवटचं अक्षर वर गेलं तर काय आणि खाली घसरलं तर काय, याचा लॅमिनेट केलेला तक्ता त्यांच्या टेबलावर असे. दोष सापडला की ते नवी सही काढून देत आणि एकवीस दिवस, रोज एकशे आठ वेळा गिरवायला लावत. बाबारावांचं गांधीबागेत साड्यांचं ठोक दुकान होतं. तिथले नोकरही आता सही पाहूनच ठेवले जात. त्यातले दोघे पुढे साड्या घेऊन पळाले, पण पळण्याआधी त्यांनी सही बदलली असावी, असं सरांचं मत पडलं.

बाबाराव महालातल्या एका विनाअनुदानित शाळेचे अध्यक्षही होते. यंदा जूनमध्ये तिथल्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि खुर्ची रिकामी झाली.

ही खुर्ची कोणाची, याबद्दल शाळेत दोन मतं नव्हती. गोपिका घाटोळे चोवीस वर्षं तिथे गणित शिकवत होती आणि आठ वर्षांपासून पर्यवेक्षिका होती. वेळापत्रक ती लावी, पालकांची भांडणं ती सोडवी, नळ गळला तरी शिपाई मारोतराव आधी तिच्याकडेच येई. तिने जांभळ्या काठाची एक साडीसुद्धा या प्रसंगासाठी बाजूला काढून ठेवली होती. नवऱ्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अशीच काढली."

पण अनुदान नसलेल्या शाळेत ज्येष्ठता अध्यक्षांच्या मर्जीनुसार चालते, आणि अध्यक्षांची मर्जी धरमपेठेत राहत होती. एका सोमवारी बाबारावांनी मारोतरावला सांगून शिक्षकांच्या मस्टरच्या झेरॉक्स काढून नेल्या. पाच वर्षांच्या, महिन्यावार.

"मस्टर काहून नेलं असेल गा?" गोपिकाने विचारलं.

"सह्या तपासून राहिले म्हणते," मारोतराव म्हणाला. "ज्याची सही चांगली, तो हेडमास्तर."

गोपिकाच्या हातातला खडू थांबला. मस्टरमध्ये एक गोष्ट होती, जी तिला आणि मिनल भोयरला सोडून कोणाला माहीत नव्हती.

मिनल मराठीची शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी लागली, आणि लागल्याच्या तिसऱ्या दिवशी, मस्टरवर नाव चढलं त्याच सकाळी, तिचा फोन आला होता, "ताई, फाटक लागलं. माझी तेवढी मारून द्या ना." गोपिकाने मारून दिली. नव्या पोरीला पहिल्याच आठवड्यात लेट मार्क कशाला, म्हणून. मिनलची सही कशी असते हे तिने पाहिलंच नव्हतं, म्हणून मनाने एक काढली. मिनलचा नंबर चौदावा, पानावरचा शेवटचा. त्याखालची दोन घरं रिकामी. जागा होती म्हणून 'मि'ची वेलांटी ऐसपैस निघाली, 'ल'चा शेपटा वर गेला, आणि खाली एक लांब रेघही बसली. स्वतःची सही गोपिका दुसऱ्या नंबरच्या चिंचोळ्या घरात करायची. वर मुख्याध्यापिकांची सही उतरून यायची, खाली संस्कृतवाल्या सरांची चढून यायची. त्या दोघांच्या मधे तिचं नाव अंग चोरून बसायचं आणि 'ळे'चा शेवट खाली दुमडायचा.

पुढे मिनलच्या घराजवळच्या रेल्वे फाटकावर उड्डाणपूल झाला, तरी तिला फाटक लागायचंच. एखाद्या दिवशी ती वेळेवर आली, तरी मस्टरपुढे उभी राहून म्हणायची, "ताई, तुम्हीच करा. आता मी केली तर वेगळी दिसेल नं." तेही खरंच होतं. अशा रीतीने अकरा वर्षांत मिनल भोयरने मस्टरवर स्वतः एकदाही सही केली नाही. अंगठ्याचं मशीन आलं होतं, पण ते दोन महिन्यांत बंद पडलं. दसऱ्याला त्याला कुंकू लागायचं, एवढंच.

शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. बाबाराव मधे, शेजारी जॅकेट घातलेले सौरव सर, पुढ्यात दोन ते चौदा नंबरच्या तेरा फायली. सरांनी प्रत्येकाचं थोडंथोडं वाचलं. संस्कृतवाल्या सरांच्या सहीत अपचन निघालं. पीटीच्या सरांच्या सहीत काव्य निघालं आणि ते तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

"नंबर दोन," सौरव सर म्हणाले. "गोपिका घाटोळे. सही आखडलेली. आत्मविश्वासाचा अभाव. शेवटचं अक्षर खाली वळतं, म्हणजे जबाबदारी टाळण्याकडे कल. वेळेचं भान कमी."

कोणीतरी खोकलं. चोवीस वर्षांत गोपिकाच्या नावापुढे लेट मार्क नव्हता.

"आणि नंबर चौदा." सरांचा आवाज बदलला. "मी अठरा वर्षांत अशी सही पाहिली नाही. पाहा, पाच वर्षांत एका मिलिमीटरचा फरक नाही! शिस्त. वर जाणारा शेवट, नेतृत्व. खालची रेघ, दुसऱ्याचा भार स्वतःवर घेणारी व्यक्ती. आणि मुख्य म्हणजे वक्तशीरपणा. ही बाई सूर्याआधी उठते."

मिनल त्या दिवशी सव्वाअकराला आली होती. तिने मान खाली घातली. सौरव सरांनी ते विनय म्हणून टिपून घेतलं.

"तं ठरलं मंग," बाबाराव म्हणाले. "मिनलबाई, अभिनंदन. चहा आणा गा मारोतराव."

चहा येईस्तोवर मिनलने गोपिकाला व्हरांड्यात गाठलं. "ताई, तुमची शपथ, मी काही मागितलं नव्हतं."

"सांग मग आत जाऊन."

"काय सांगू? माझी नोकरी जाईल वं ताई. तुमचीबी जाईल. खोट्या सह्या तुम्ही केल्या, मी थोडीच केल्या?"

एवढं स्पष्ट मराठी मिनल वर्गातही शिकवत नव्हती. गोपिकाने पदर खोचला आणि आत गेली. आता बोलले नाही तर ही खुर्ची कायमची गेली, आणि बोलले तर कदाचित नोकरीही जाईल. तिने मनात बेरीज केली आणि बोलली.

"अध्यक्षसाहेब, चौदा नंबरच्या सह्या माझ्या आहेत. अकराही वर्षांच्या."

बाबारावांची बशी तोंडाशीच राहिली. "का म्हणता?"

"मिनल उशिरा येते. मी तिची सही मारून देते. चूक आहे, मेमो द्या. पण सही माझी आहे."

"अशक्य," सौरव सर हसले. "या दोन सह्या म्हणजे दोन टोकं. मॅडम, एका हातून दोन स्वभाव निघत नसतात. शास्त्र आहे हे."

गोपिकाने टेबलावरचा पेन घेतला, झेरॉक्सचा कागद उलटा केला आणि चौदा नंबरची सही केली. वेलांटी, शेपटा, रेघ. मग शेजारी आणखी एक. मग सवयीने तिसरी. बाबारावांनी चष्मा लावून तिन्ही सह्या मस्टरवरच्या सह्यांशी ताडून पाहिल्या. साडीचा काठ पारखणारा माणूस. हुबेहूब आहेत हे त्यांना पहिल्याच नजरेत कळलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "हे तं तेच होय."

सौरव सरांनी कागद उजेडाकडे धरला. जितका वेळ एखाद्याला घाम पुसायला लागतो, तितकाच वेळ त्यांना लागला.

"अध्यक्षसाहेब, आज तुम्ही फार दुर्मीळ गोष्ट पाहिली," ते म्हणाले. "सही हाताची नसते. सही नावाची असते. 'मिनल' या नावातच एवढं तेज आहे की दुसऱ्याच्या हातूनही ते उतरलं. घाटोळे मॅडम स्वतःचं नाव लिहितात, तेव्हा काय होतं? आखडतं. मिनल लिहितात, तेव्हा? फुलतं! याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही."

"आन ते वक्तशीर?" मारोतराव रिकामा ट्रे धरून दारातच उभा होता. "भोयर मॅडम तं रोज..."

"तू कप उचल," बाबाराव म्हणाले.

"आणि दुसऱ्याची सही इतकी बेमालूम करणं," सरांनी दोन नंबरची फाईल पुन्हा उघडली, "हे मी आधीच लिहिलंय. शेवटचं अक्षर खाली वळतं. आत काहीतरी लपवण्याची वृत्ती. पान तीन."

बाबारावांचा चेहरा उजळला. गुडघा बरा झाला तेव्हाही इतका उजळला नसेल. त्यांनी गोपिकाला लेखी ताकीद दिली, पर्यवेक्षिकापद तिच्याकडेच ठेवलं, कारण कामं कोणीतरी करायला हवी होती, आणि मिनलला मुख्याध्यापिका केलं. सही बिघडून तेज जाऊ नये म्हणून सौरव सरांच्या सल्ल्याने मस्टरवरच्या सहीचा रबरी शिक्का बनवला गेला. टीसी असो की गुणपत्रक, तोच शिक्का उठणार होता. मोठी करून फ्रेम केलेली तीच सही मुख्याध्यापिकांच्या खुर्चीमागे भिंतीवरही लागली. खिळा ठोकताना मारोतरावने विचारलं, "बाई, सरळ आहे का?" गोपिकाने पाहिलं आणि सांगितलं, "डावीकडून थोडी वर घे."

पुढच्या सोमवारी दहा पस्तीसला मारोतराव मस्टर आणि लाल पेन घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. वेळ झाली की मस्टरखाली लाल रेघ मारायची, बाकी ज्यांची सही नाही त्यांना लेट मार्क द्यायचा आणि शेवटी आपल्या घरात स्वतःची सही करायची. मुख्याध्यापिका आल्या नसतील तर हे काम पर्यवेक्षिकेचं, असा शाळेचा नियम होता. मिनलचं नाव आता चौदाव्या जागेवरून पहिल्या जागेवर आलं होतं. घर रिकामं होतं.

फोन वाजला.

"ताई, फाटक लागलं वं. माझी तेवढी मारून द्या ना."

"मॅडम, आता शिक्का आहे ना."

"तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये."

"मग पर्स वेळेवर पाठवत जा," गोपिका म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने पट्टी लावून लाल रेघ मारली. एक नंबरच्या घरात 'लेट' लिहिलं. तीन लेट झाले की एक रजा कापायची आणि शनिवारी मस्टरची झेरॉक्स गांधीबागेत अध्यक्षांकडे पाठवायची, हे नियमही तिला पाठ होते. ते तिनेच आठ वर्षांपूर्वी टाइप करून भिंतीला लावले होते, आणि आता ते नेमके फ्रेमच्या शेजारी आले होते. मग दोन नंबरच्या घरात तिने आपली रोजची सही केली. 'ळे'चा शेवट खाली दुमडला.

मारोतराव वाकून पाहत होता. "बाई, आता तं सही मोठी करा. धरमपेठवाले सर म्हणत होते..."

"घर लहान आहे, मारोतराव," गोपिका म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं. "घंटा दे. पहिल्या तासाची वेळ झाली."