ज्योतीरामची जेवायची खोली

ज्योतीराम एकदा फोरमन उद्धवरावांच्या घरी चहा पिऊन आला आणि त्याचं डोकं फिरलं. त्यांच्याकडे जेवायची खोली वेगळी होती. टेबल, खुर्च्या, खिडकीला पडदा. घरी येऊन चपला काढायच्या आधीच त्याने बायकोला, रंभाला, सांगितलं, "आपल्याकडंही असंच करायचं."

आता तुम्ही-आम्ही सारखेच. पिंपरीला कारखाना निघाला, कॉलनी झाली, आणि खेड्यापाड्यातून आलेल्या आपल्यासारख्यांना पहिल्यांदा पक्क्या भिंती आणि विजेचा दिवा मिळाला. चार लोकांसारखं नीटनेटकं राहावंसं वाटलं तर त्यात गैर काय? काहीच नाही. पण कराडकडून आलेल्या या फिटरचं क्वार्टर ते केवढं! बाहेर एक खोली, आत स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये एवढीशी एक खोली. त्या मधल्या खोलीत पाट मांडून आधी ज्योतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ सयाजी जेवायचे. ते उठले की त्याच पाटांवर आई, म्हणजे यशोदाबाई, आणि रंभा बसायच्या. रंभा नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच वाढून घ्यायची. गावाकडून आलेली ही रीत कॉलनीतही तशीच चालू होती.

खर्च बेताचाच करायचा होता. कारखान्याने लिलावात काढलेली देवदारी खोकी चिंचवडच्या युसुफ सुताराला दिली आणि त्याने त्यांचं टेबल करून दिलं. खुर्च्या पुण्याच्या जुन्या बाजारातून आल्या, चारही चार तऱ्हेच्या. त्यांना एकाच हिरव्या रंगाचा हात मारला. बाकी सगळं रंभाने केलं. चुन्यात पिवडी कालवून भिंती तिने रंगवल्या. सासूच्या जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले, काठ खाली येतील असे. सहावा महिना होता तिला, पण हौस दांडगी. पडद्याला शेवटचा टाका घालताना ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, इथं बसून जेवायला काय बरं वाटंल नाही?"

टेबल आलं तसं खोलीतलं बाकीचं सामान ज्योतीरामच्या डोळ्यांत खुपायला लागलं. ज्वारीचे डबे, ट्रंका, वळकट्या, कोळशाचं पोतं, पाटसुद्धा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून सगळं त्याने स्वयंपाकघरात रचलं.

रंभाने विचारलं, "अहो, मग आम्ही दोघींनी जेवायला बसायचं कुठं?"

"आत बसा की."

"आत जागा कुठाय?"

"बघू," तो म्हणाला आणि भिंतीत खिळा ठोकायला लागला.

हे 'बघू' फार वाईट असतं बरं का. आपण ते सहज बोलतो आणि विसरून जातो, पण ज्याला ते ऐकवलं त्याची अडचण तिथंच राहते. रंभाची तशीच राहिली. खुर्चीवर बसायचं तर सासू बसत नाही. सासू म्हणायची, "ल्योकाच्या बरोबरीनं खुर्चीवर कशी बसू?" आणि सासू बसत नाही तर सून कशी बसणार? मधल्या खोलीची जमीन टेबल-खुर्च्यांनी भरलेली, आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बायका जेवायला बसत नसत. स्वयंपाकघरात चूल, मोरी आणि सामान सोडून पाऊल ठेवायपुरती जमीन उरली होती. म्हातारी कोळशाच्या पोत्यावर टेकून जेवायची. रंभा ज्वारीच्या डब्यावर ताट ठेवून उभ्याने जेवायची. पोटातलं पोर घेऊन, रोज दोन्ही वेळा.

ज्योतीरामला याचा पत्ता नव्हता, कारण जेवायच्या वेळी आत डोकावायची त्याला सवयच नव्हती. शिवाय त्याचा जीव एका जागी ठरत नव्हता. उद्धवराव आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई रविवारी दुपारी जेवायला येणार होते. शिफ्ट सुटली की हा घरी यायचा आणि टेबल वीतभर इकडे सरकवायचा, मग वीतभर तिकडे. खिळा काढून पुन्हा ठोकायचा. निम्म्या जेवणातून उठून पडद्याचा काठ सरळ करायचा.

"दादा, जेवायची खोली केलीस, आता जेव तरी," सयाजी म्हणायचा.

आतून एकदा डबा पडल्याचा आवाज आला. "काय झालं?" याने बसल्या जागेवरून विचारलं. "काही नाही, जरा गरगरलं," रंभा म्हणाली. "जपून," हा म्हणाला आणि पुन्हा खुर्चीच्या डुगडुगत्या पायाकडे बघायला लागला.

रविवारी पाहुणे आले. ताटं मांडली होती. भरली वांगी, मटकीची उसळ, पोळ्या. रंभाने वाढलं आणि ती आत गेली. कुसुमताई पडद्यांकडे बघतच राहिल्या.

"किती सुरेख. कुणी केलं हे?"

"आमच्या घरातनंच केलंय," ज्योतीराम फुशारून म्हणाला.

"मग बोलवा तिला. ताटं चारच दिसतात."

"त्या मागनं बसतात, ताई. आमच्यात तशी पद्धत आहे."

कुसुमताईंनी हातातला घास ताटात ठेवला. "ज्योतीराम, पद्धत आमच्यातही होती. माझी आई पंधरा माणसांचं करायची आणि तळाला उरलेलं खायची. तिला कुठली भाजी आवडायची, हे आम्हा भावंडांना आजही सांगता येणार नाही. कारण तिच्यापर्यंत भाजी पोचलेली कधी पाहिलीच नाही. तुम्ही गाव सोडलंत, यंत्रावर काम शिकलात, टेबल आणलंत. सगळं नवं आणलंत, मग एवढंच जुनं कशाला?"

उद्धवराव पाण्याचा पेला उगाच फिरवत बसले. ज्योतीरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहुण्यांनी असं बोलावं?

"आईलाच चालायचं नाही," तो म्हणाला.

"विचारलंत त्यांना?"

विचारलं नव्हतं. आई नाहीच म्हणणार आणि विषय मिटणार, अशा हिशेबाने तो उठून आत गेला.

आत रंभा डब्याला टेकून उभी होती. डब्यावर ताट, हातात पोळीची गुंडाळी. चेहरा घामाने डबडबलेला. यशोदाबाई पोत्यावर बसून तिचा दंड धरून होत्या. "त्यांचं हुईस्तवर थांबू नगं, दोन घास खा, डोळ्यापुढं अंधारी येतीया तुझ्या," त्या म्हणत होत्या.

"अगं, उभ्यानं काय खातेस? बस की खाली," ज्योतीराम म्हणाला.

"कुठं बस म्हनतोस तिला?" आई म्हणाली. "दाव जागा."

त्याने खाली पाहिलं. स्वतःचे पाय सोडले तर जमीन दिसत नव्हती.

"कधीपासनं हे?"

"तुजं टेबल आल्यापासनं."

"मला सांगायचं नाही?"

"विचारलं होतं," रंभा हळूच म्हणाली. "तुम्ही बघू म्हणालात."

"आरं, मीबी जल्मभर मागनंच जेवले," यशोदाबाई म्हणाल्या. "त्याचं काय वाटलं न्हाई. पर तवा बसाया जिमीन तरी हुती. तू तीबी घेतलीस."

ज्योतीरामला भयंकर लाज वाटली. आठवडाभर तो भिंती बघत होता, पडदे बघत होता, खुर्चीचा पाय बघत होता. माणूस तेवढा बघितला नव्हता. ज्या बाईने ती खोली हाताने उभी केली, तिला त्या खोलीत तर नाहीच, अख्ख्या घरात बसायला जागा ठेवली नव्हती त्याने!

तो बाहेर आला. काही लपवावंसं त्याला वाटलं नाही. "ताई, आत दोघींना बसायला जागाच नाही," तो म्हणाला. "मीच ठेवली नाही. सयाजी, टेबल उचल."

ताटं बाजूला झाली. ज्योतीराम आणि सयाजीने टेबल बाहेरच्या खोलीत नेलं. उद्धवरावांनीही दोन खुर्च्या उचलल्या. कुसुमताईंनी पदर खोचून केर काढला. पाट आले, कमी पडले तिथं चादरीची घडी आली, आणि सहा ताटं भिंतीला लागून मांडली गेली. नव्या पडद्यांखाली रंभा बसली. शेजारी यशोदाबाई अंग चोरून बसल्या.

पण जेवण काही सुरू होईना. यशोदाबाई ताटाला हात लावीनात.

"तू घे आदी," त्या मुलाला म्हणाल्या.

"न्हाई आई, तू घे," ज्योतीराम गावाकडचंच बोलायला लागला.

"तुज्या आदी कशी घेऊ? कदी घेतलंय का?"

"म्हनूनच घे."

मायलेक एकमेकांकडे बघत बसले. पाहुणेही थांबले. पोळ्या निवायला लागल्या. तेवढ्यात रंभा म्हणाली, "मला भूक लागलीय," आणि तिने पहिला घास घेतला. सासूने तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पोळीचा तुकडा मोडला.

बंधूंनो आणि भगिनींनो, घर जरूर सजवा. कमी पैशात सजवा, हौसेने सजवा. पण खिळा ठोकायच्या आधी जेवायच्या वेळी एकदा स्वयंपाकघरात जाऊन या. आपल्या घरची बाई कुठे बसते, कशात जेवते, तिच्या वाट्याला काय उरतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिला जागा नसेल तर ते घर सजलेलं नाही, मग पडदे कितीही चांगले असोत.

त्या दुपारी रंभाने दोनदा भात मागून घेतला. वाढायला ज्योतीराम उठला होता.