अमोघवर्षाचा हात

राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाने साठेक वर्षं राज्य केलं. माझ्या नवऱ्याने, जयप्रकाशने, ते पाऊण तासाच्या नाटकात बसवलं आणि राजाही स्वतःच झाला. आमच्या कुवेतच्या मंडळात लिहील त्यालाच मुख्य भूमिका मिळते.

शेवटी, प्रजेवरचं संकट टळावं म्हणून राजा डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहतो. ते खरं वाटावं म्हणून जयप्रकाशने तौफीकला आणलं. तौफीक रत्नागिरीकडचा, इथल्या अम्गऱ्याच्या कारखानेवस्तीतल्या वर्कशॉपमध्ये मशीनने त्याच्या डाव्या हाताचं बोट खाल्लेलं. राजा खांबाआड गेला की तौफीकने फक्त हात बाहेर काढायचा.

अब्बा नाटकात आहेत, एवढंच ऐकून त्याची बायको सुगरा आणि लहानगी आफिया नवे कपडे घालून माझ्या शेजारी बसल्या होत्या.

रक्ताने माखलेला हात बाहेर आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

मग स्टेजवर बोलावून सगळ्यांना नारळ दिले. लाइटवाल्याला, पडदा ओढणाऱ्याला, साड्या नेसवल्या म्हणून मलासुद्धा. तौफीकचं नाव कुणीच घेतलं नाही. आमचे महाराज मात्र दहाही बोटं जोडून नमस्कार करत उभे होते.

मी जागेवर परतले. मांडीवरचा नारळ कुठे लपवू ते कळेना.

"आंटी, अब्बा कधी येणार?" आफियाने विचारलं.

सुगराने तिला जवळ ओढलं.

"येऊन गेले, बेटा."