भावाबहिणींनी ऐकायचा नाही असा तास

आमच्या टोंगात भावाबहिणींनी एका खोलीत बसून ‘तसलं’ काही ऐकायचं नाही. चुलत, मावस, मामे, सगळी भावंडंच. आणि आमच्या बेटावर कोण कुणाचं भावंड नाही, हे शोधायला बाहेरून माणूस आणावा लागेल.

तरीही माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे मुख्याध्यापक तेविताने, मुलामुलींचा लैंगिक शिक्षणाचा तास एकत्रच ठेवला. तो घ्यायला नर्स उंगातेआ राजधानीहून आली होती आणि दुपारच्या बोटीने परतणार होती. दोन तास वेगवेगळे ठेव, असं मी त्याला सांगायला हवं होतं. पण मीही त्याची बहीणच. या विषयावर आम्ही नजरेनेसुद्धा बोलत नाही.

मला काळजी होती कलेसिताची. पुस्तकात लिहिलेला शब्दन् शब्द खरा मानणारी सोळा वर्षांची पोर. हल्ली डबा तसाच परत न्यायची. सकाळीच मला म्हणाली, “बाई, उद्यापासून मी शाळेत यायची नाही. का ते नर्सबाईंना सांगेन, तुम्हाला नाही.”

उंगातेआने पहिलं चित्र उलगडलं मात्र, पाउलियासी उठला. कलेसिता त्याची मामेबहीण. त्याच्यामागे त्याची मावसभावंडं, त्यांच्यामागे त्यांची चुलत. कलेसिताही मान खाली घालून निघाली. बघता बघता वर्ग ओस पडला. उरला एकटा सेमिसी, यंदाच बदली होऊन आलेल्या पाद्रीबुवांचा मुलगा, बेटावर एकही नातलग नसलेला. पाठांतरात पटाईत. पाळीपासून बाळंतपणापर्यंत सगळं त्याने घोकलं आणि शेवटी विचारलं, “हे परीक्षेत किती मार्कांना येतं?”

तेविता खूश. “छान शांततेत झाला तास,” म्हणाला. एकट्या पोराचा तास शांततेत नाही होणार तर काय!

बाहेर आंब्याखाली कलेसिता रडत होती. माझं डोकंच फिरलं. तिला आणि नर्सला घेऊन मी थेट तेविताच्या खोलीत शिरले.

“दादा, पोरींच्या पाळीबद्दल बोलायचंय.”

त्याचा चहा हिंदकळला. माझ्याकडे न बघता तो उठला आणि अनवाणीच बाहेर पडला. खोली आयतीच रिकामी झाली. मी दार लावून घेतलं.

“मला मूल होणार,” कलेसिता हुंदके देत म्हणाली. “गाण्याच्या स्पर्धेहून येताना ट्रकमध्ये सेमिसी माझ्या जवळ बसला होता. पुस्तकात लिहिलंय, मुलगा-मुलगी जवळ आले की मूल होतं.”

उंगातेआ हसली नाही. तिने कलेसिताला सगळं नीट, ज्याचं त्याचं नाव घेऊन समजावलं. रडू आलं ते मला. एवढीशी पोर, इतके दिवस उपाशीपोटी हे एकटीने सोसत होती.

कलेसिताने डोळे पुसले. आता ती चिडली होती. “मग पुस्तकात असं अर्धवट का लिहिलंय?”

“लिहिणाऱ्याच्या शेजारी त्याची बहीण बसली असेल,” उंगातेआ म्हणाली.